फुल इन्शुरन्सवाल्या टेम्पोतला माल कोणाच्या भरवशावर?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सेकंडहँड पिकअप कर्जावर घेतली आहे, स्वतःच चालवता. भिवंडीच्या एका ठेकेदाराकडे गाडी लावली आहे आणि त्याचं काम नसेल त्या दिवशी बाहेरची भाडी मारता. मागच्या पावसात दोन वॉशिंग मशीन भिजल्या आणि ठेकेदाराने त्यांचे पैसे तुमच्या बिलातून कापले. एजंट म्हणतो, "गाडीला फुल इन्शुरन्स आहे." ठेकेदार म्हणतो, "मालाचा विमा पार्टीचा (माल ज्याचा त्याचा) आहे." दोन्हीकडे विमा आहे, तर पैसे तुमच्या खिशातून का गेले, आणि आता आणखी कोणता विमा काढायचा?

यात गोम अशी की दोघेही खरं बोलतायत. खोटं कोणी सांगितलेलं नाही, फक्त दोघांनी आपापल्या पुरतं सांगितलं. तुमच्या बाजूने कोणीच बोललं नाही.

मी मोटार आणि माल या दोन्हींचा सर्व्हेअर आहे. गाडी उलटली किंवा माल खराब झाला की नुकसान मोजायला विमा कंपनी ज्याला पाठवते, तो मी. विमा विकणं माझं काम नाही, त्यामुळे खाली जे लिहितोय ते क्लेमच्या वेळी काय टिकतं आणि काय गळतं एवढ्याच नजरेने.

गाडीवाल्याचं नुकसान चार ठिकाणी होऊ शकतं. गाडीचं, रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाचं, गाडीत भरलेल्या मालाचं आणि त्याच्या स्वतःच्या शरीराचं. एजंट ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो ती पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टी (दुसऱ्याचं नुकसान) आणि ओन डॅमेज (आपल्या गाडीचं नुकसान) एकत्र. त्यात पहिली दोन येतात आणि चौथ्यातला एक तुकडा येतो. तिसरं येत नाही. थर्ड पार्टीमध्ये दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान मिळतं (पॅकेज पॉलिसीत सहसा 7.5 लाखांपर्यंत) हे खरं, पण तुमच्या ताब्यात दिलेला आणि तुमच्याच गाडीतून चाललेला माल त्यातून स्पष्टपणे वगळलेला असतो. तुम्ही दुकानाचं शटर तोडलंत तर पैसे मिळतील. त्याच धक्क्यात मागची मशीन फुटली तर नाही.

बाकी बऱ्याच गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. गाडीचं पासिंग वजन (मालासकट मंजूर वजन) किती, ठेकेदाराशी करार लेखी आहे की तोंडी, बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची वाहतुकीची पावती) कोणाच्या नावाने फाटते, माल कुठला असतो. यातलं तुम्ही फारसं लिहिलेलं नाही, म्हणून जिथे फरक पडतो तिथे सांगत जातो.

आधी एक तातडीचं. गाडी सेकंडहँड आहे म्हणता, पण पॉलिसी कोणाच्या नावावर आहे? आरसी नावावर झाली की विमाही झाला असं गृहीत धरणारे पुष्कळ भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 157 प्रमाणे गाडी विकली की थर्ड पार्टीचा भाग नव्या मालकाकडे आपोआप आला असं मानतात. ओन डॅमेजचं तसं नाही. त्यासाठी 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याची हप्त्यातली सूट) त्याच्यासोबत जातो, तो फरक तुम्हाला भरावा लागतो. हा फरक वाचवायला लोक वर्ष संपेपर्यंत थांबतात. मध्येच गाडी आपटली तर पॉलिसी चालू, हप्ता भरलेला, आणि तरीही तुमच्या हाती शून्य, कारण पॉलिसी ज्याची त्याची गाडी नाही आणि गाडी ज्याची त्याची पॉलिसी नाही. कर्ज आहे म्हणजे बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नावही पॉलिसीवर हवं. गाडी पूर्ण गेली तर पैसे आधी त्यांच्याकडे जातात, उरले तर तुमच्याकडे, हेही लक्षात ठेवा.

गाडीच्या स्वतःच्या नुकसानीबद्दल एक गोष्ट मालवाहू गाड्यांना खास लागू आहे आणि एजंट ती सांगत नाहीत. मालवाहू गाडीच्या साध्या पॅकेज पॉलिसीत दिवे, टायर-ट्यूब, मडगार्ड, बॉनेटचे बाजूचे भाग, बंपर आणि रंगकाम यांचं नुकसान मिळत नाही. गाडी पूर्ण गेली तरच ते धरतात. हे परत आत घ्यायचं तर आयएमटी 23 नावाची जोडणी घ्यावी लागते. आता छोट्या पिकअपच्या रोजच्या अपघातात फुटतं काय? हेच सगळं. म्हणून जोडणी नसलेल्या गाडीचा सर्व्हे करताना माझ्या यादीत अर्ध्याहून जास्त ओळी "देय नाही" अशा निघतात आणि गाडीवाला माझ्याकडे चोरासारखा बघतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर जोडण्यांचे आकडे छापलेले असतात. त्यात 23 आहे का बघा. असलं तरी टायर आणि प्लास्टिकच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो, आणि टायर एकटाच फाटला तर तो मिळत नाही.

एजंट "स्वस्तात करून देतो" म्हणतो तेव्हा तो नेमकं हेच काढतो. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांकडे तो सारखाच. जून 2022 पासूनच्या दरपत्रकात 7,500 किलोपर्यंतच्या भाड्याच्या मालगाडीला तो 16,049 रुपये होता, कर वेगळा. तिथे सूट देणं कोणाच्याच हातात नाही. सूट द्यायची जागा एकच, ओन डॅमेज. मग आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) खाली खेचतात, 23 काढतात, मागे बांधलेल्या बंद बॉडीची किंमत धरत नाहीत, सीएनजी किट लिहीत नाहीत. हप्त्यात थोडे पैसे वाचलेले दिसतात. नूतनीकरणाच्या वेळी एकूण रकमेवर घासाघीस करू नका. ओन डॅमेजमध्ये काय धरलंय ते ओळीने वाचा आणि मग घासाघीस करा.

कागदांबद्दल थोडक्यात. भाड्याने माल नेणारी गाडी पिवळ्या पट्टीचीच हवी; खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर आणि मालवाहतूक दोन्ही वगळलेली असतात. फिटनेस चालू हवा. एकूण पासिंग वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, त्यावर लागतं, आणि परमिटशिवाय गाडी चालवणं हा पॉलिसीचा मूलभूत भंग आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे. लायसन्सचा जुना घोळ मात्र मिटला. 7,500 किलोपर्यंतची मालगाडी एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर चालवता येते, वेगळा ट्रान्सपोर्टचा शेरा नसला तरी, असा निकाल पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिला. तेव्हा फक्त शेरा नाही म्हणून कोणी क्लेम नाकारत असेल तर ऐकून घेऊ नका. लायसन्सची मुदतच संपली असेल तर मात्र हा निकाल कामाला येणार नाही. ओव्हरलोड असेल तर बहुतेक वेळा पूर्ण नकार येत नाही, पण नॉन-स्टँडर्ड (अटी पूर्ण न पाळलेला) म्हणून क्लेम जास्तीत जास्त 75 टक्क्यांवर येतो. काटा पावती सर्व्हेअर मागतोच.

आता माल. गैरसमज सगळ्यात जास्त इथे आहेत आणि छोटा गाडीवाला मार खातो तोही इथेच.

"मालाचा विमा पार्टीचा आहे" हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. मोठी कंपनी वर्षभराच्या पाठवणीचा एक ओपन ट्रान्झिट विमा घेऊन ठेवते. माल भिजला की विमा कंपनी पार्टीला पैसे देते, आणि देताना तिच्याकडून एका कागदावर सही घेते. त्याला लेटर ऑफ सब्रोगेशन म्हणतात. त्या सहीनंतर पार्टीचा वसुलीचा हक्क विमा कंपनी वापरू शकते. मग विमा कंपनी विचारते, माल कोणाच्या ताब्यात होता? ठेकेदाराच्या. नोटीस त्याला. ठेकेदार विचारतो, गाडी कोणाची होती? तुमची. म्हणजे पार्टीच्या विम्याने पार्टीचं नुकसान भरलं, तुमची जबाबदारी एक रुपयानेही कमी झाली नाही. फक्त मागणारा बदलला. शेजाऱ्याने आपल्या घराला कुलूप लावलं म्हणून आपलं घर बंद होत नाही, तसाच हा प्रकार.

कायदाही गाडीवाल्याच्या बाजूने फारसा नाही. कॅरेज बाय रोड ॲक्ट, 2007 प्रमाणे कॉमन कॅरियरवर (भाडं घेऊन कोणाचाही माल नेणाऱ्या वाहतूकदारावर) दावा लावणाऱ्याला निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. माल धड दिला आणि खराब मिळाला, एवढं दाखवलं की झालं. दैवी आपत्ती, युद्ध, दंगल, सरकारी हुकूम अशा मोजक्या कारणांनी सुटका होते. जुलैतला पाऊस ही दैवी आपत्ती आहे हे कोणाला पटवायला जाऊ नका. भिवंडी-नाशिक रस्त्यावर जुलैत पाऊस पडणार हे सगळ्यांना माहीत असतं.

पण याच कायद्यात वाहतूकदाराला एक आधारही आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. पाठवणाऱ्याने मालाची जास्त किंमत लेखी जाहीर करून जादा दर मान्य केला नसेल, तर 2011 च्या नियमांप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. भाडं 3,500 असेल तर 35,000. शिवाय दावा लावायच्या आधी, बुकिंगच्या तारखेपासून 180 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. आता तुमच्या बाबतीत अडचण अशी की कॉमन कॅरियर बहुधा ठेकेदार आहे, कारण बिल्टी त्याची. दहापटीची मर्यादा पार्टी आणि ठेकेदार यांच्यातली. ठेकेदार आणि तुम्ही यांच्यात काय ठरलंय ते तुमच्या करारावर. "गाडीवाल्याच्या हातून झालेलं सर्व नुकसान बिलातून वळतं केलं जाईल" अशी ओळ असेल, आणि बहुतेक छापील करारात असते, तर ठेकेदाराला वर मर्यादा आणि तुम्हाला खाली मर्यादा नाही, अशी उलटी स्थिती होते. तो पार्टीला 35,000 देऊन मोकळा होतो आणि तुमच्याकडून पूर्ण बिल कापतो. असं होताना मी पाहिलं आहे.

मग तुम्ही काय करायचं? माझ्या मते मालाच्या जबाबदारीचा विमा काढायच्या आधी करारातली ही एक ओळ बदलून घ्या. "ठेकेदाराने पार्टीला प्रत्यक्ष दिलेली रक्कम, आणि जास्तीत जास्त त्या फेरीच्या भाड्याच्या दहापट" एवढं लिहून घेतलंत तरी डोक्यावरचं निम्मं ओझं उतरेल. छोट्या गाडीवाल्याचं कोण ऐकतो, असं म्हणाल. एकट्याचं नाही ऐकत. त्याच ठेकेदाराकडे गाड्या लावलेले पाचसात जण मिळून गेलात, तेही दिवाळीच्या तोंडावर गाड्यांची टंचाई असताना, तर ऐकतो.

विम्याच्या बाजूने या जबाबदारीची पॉलिसी आहे. कॅरियर्स लीगल लायबिलिटी म्हणून मागा. माल दुसऱ्याचा, पण तो तुमच्या ताब्यात असताना खराब झाला आणि कायद्याने तुमच्यावर आलं, तर पॉलिसीत लिहिलेल्या कारणांपुरतं ते ही पॉलिसी देते. हिच्यात दोन मर्यादा असतात, एका अपघाताची आणि वर्षभराची मिळून. एका फेरीत तुमच्या गाडीत जास्तीत जास्त किती किमतीचा माल असतो त्यावर पहिली ठरवा. सरासरी धरू नका, कारण नेमका दिवाळीतल्या टीव्हीच्या फेरीलाच घात होतो. एका गाडीच्या मालकाला ही पॉलिसी द्यायला सगळ्या कंपन्या उत्सुक नसतात. त्यामुळे वाहतूकदारांच्या संघटनेमार्फत किंवा ब्रोकरमार्फत विचारा. आणखी एक वाट आहे. ठेकेदाराची स्वतःची लायबिलिटी पॉलिसी असेल तर तीत तुमची गाडी नंबरासह धरली आहे का आणि कंपनी पैसे दिल्यावर तुमच्याकडे वसुलीला येणार नाही असं लिहिलंय का, ते विचारा. दुसरा भाग नसेल तर पहिल्याचा उपयोग नाही. तेच सब्रोगेशन पुन्हा.

या पॉलिसीत काय गळतं तेही बघून घ्या. गाडी रस्त्याकडेला लावून ड्रायव्हर जेवायला गेला आणि माल गेला, तर "वाहन बेवारस सोडलेले" या कलमावर वाद होतो. कुलूप तोडल्याची खूण नसेल तर जास्तच. उशिराने नासलेली भाजी मिळत नाही. रोकड, दागिने, जनावरं नाहीत. कच्च्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान नाही. तुमच्याच माणसाने माल पळवला तर तेही बहुतेक पॉलिसीत नाही. आणि ताडपत्री फाटकी असेल तर कंपनी वाजवी काळजी न घेतल्याचा मुद्दा काढते. पावसातल्या नुकसानीला गेलो की मी आधी ताडपत्री आणि दोऱ्या बघतो, मग माल. बंद बॉडी असेल तर दाराचं रबर.

बाहेरच्या भाड्यांचं गणित वेगळं. तिथे पार्टी छोटी असते, बिल्टीही नसते, आणि काही झालं तर सगळं थेट तुमच्यावर. अशा पार्टीला सांगा, एका फेरीचा ट्रान्झिट विमा मिळतो, तो तुम्ही काढा. विमा माल ज्याचा त्याने काढायचा, गाडीवाल्याने नाही. काढताना क्लॉज ए (सगळ्या जोखमींचा) मागायला सांगा. क्लॉज बी स्वस्त असतो, पण त्यात आग, वीज, टक्कर, गाडी उलटणं अशी मोजकीच कारणं आहेत. चोरी नाही, पावसाचं पाणी नाही. तुमच्या वॉशिंग मशीन ज्या पद्धतीने गेल्या ते नुकसान बीमध्ये बसतच नाही. अर्थात विमा कंपनी नंतर तुमच्याकडे येऊ शकते, पण निदान पार्टी शांत राहते, नुकसान माहितगार माणूस मोजतो आणि गल्लीतली हमरीतुमरी टळते.

ही लायबिलिटी पॉलिसी प्रत्येकाने घ्यावीच असं मी म्हणणार नाही. विटा, वाळू, सिमेंट नेणाऱ्याला मी ती सुचवत नाही, त्या मालाचं जे नुकसान होतं ते खिशातून भागतं. इलेक्ट्रॉनिक्स, औषधं, टायर, कापडाचे तागे नेणाऱ्याने मात्र ती घ्यावी. तुम्ही वॉशिंग मशीन नेता म्हणजे तुमचं नाव दुसऱ्या यादीत आहे.

गाडीत बसणाऱ्या माणसांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माल गेला तर हजारांत जातात आणि इथे लाखांत. मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस केबिनमध्ये असेल तर 1994 च्या दुरुस्तीपासून तो कायद्याच्या विम्यात येतो. बाकी कोणीही, वाटेत हात दाखवलेला, फुकट बसवलेला, लग्नाला मागे बसवलेलं वऱ्हाड, त्यांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 च्या आशा राणी निकालात स्पष्ट केलं. अपघात झाला की न्यायाधिकरण भरपाई ठरवतं आणि ती शेवटी मालकाच्या घरादारावर येते. क्लीनर आणि हमाल रोज गाडीवर असतील तर त्यांचा वेगळा हप्ता भरून पॉलिसीत त्यांची संख्या लिहून घ्या. ती रक्कम किरकोळ असते.

आणि तुमचा भाऊ अधूनमधून गाडी चालवतो असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तो पगारी ड्रायव्हर नाही, मालकही नाही. चूक त्याचीच असेल आणि त्याला लागलं तर थर्ड पार्टीत तो बसत नाही, कारण मालकाकडून गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्या जागी उभा आहे असं न्यायालयं मानतात. मालकाचा जो सक्तीचा अपघात विमा आहे तो फक्त मालकाचा. भावासाठी पॉलिसीत वेगळी जोडणी करा, किंवा त्याच्या नावाने स्वतंत्र अपघात विमा घ्या. लायसन्स बघा, हे सांगायला नकोच.

राहता राहिलात तुम्ही. सक्तीचा अपघात विमा 15 लाखांचा असतो. मृत्यू, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेले, किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर पूर्ण. एक अवयव किंवा एक डोळा गेला तर निम्मे. गाडी तुमच्या नावावर हवी आणि लायसन्स चालू हवं. यात दवाखान्याचा खर्च नाही. पाय मोडून तीन महिने घरी बसलात तर एक पैसा नाही. आणि पिकअप चालवणाऱ्याच्या बाबतीत मृत्यूपेक्षा मोडलेला पाय कितीतरी जास्त वेळा होतो. हप्ता बँकेचा चालू, गाडी दारात उभी.

यासाठी वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या, पण तात्पुरत्या अपंगत्वाचा साप्ताहिक भत्ता असलेली. त्याशिवायची घेऊन उपयोग नाही. धंद्याच्या रकान्यात "व्यवसाय" किंवा "दुकानदार" असं लिहून हप्ता कमी करू देऊ नका; "मालवाहू वाहनचालक" लिहा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच कारण पुढे येतं. शिवाय बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून 2 लाखांचा अपघाती विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना आहे, वय 18 ते 70. खात्यात 1 जूनच्या आसपास शिल्लक ठेवा, हप्ता तेव्हा कापतात. अपघातानंतर पहिल्या 7 दिवसांत 1.5 लाखांपर्यंत कॅशलेस उपचारांची केंद्राची योजना मे 2025 पासून आहे. पण मोठ्या ऑपरेशनला ती पुरत नाही, म्हणून कुटुंबाचा आरोग्य विमा लागतोच. सप्टेंबर 2025 च्या 22 तारखेपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा तरी हप्ता हलका झाला आहे. ॲपवरून भाडी घेत असाल आणि ॲपवाले "विमा आहे" म्हणत असतील, तर तो चालू फेरीपुरताच आहे का ते वाचा. रिकामी गाडी घेऊन घरी येतानाही अपघात होतो.

पैसा एकदम सगळ्याला पुरणार नाही, हे मला कळतं. तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात पॉलिसी नावावर करून घेतली असती आणि मालकाचा अपघात विमा स्वतःच्या नावाने आहे ना ते बघितलं असतं. मग साप्ताहिक भत्त्यासह अपघात विमा. त्यानंतर करारातली ती ओळ, तिला पैसे लागत नाहीत, फक्त तोंड लागतं. आयएमटी 23 पुढच्या नूतनीकरणाला. आणि दिवाळीचा माल सुरू व्हायच्या आत मालाच्या जबाबदारीची पॉलिसी.

पॉलिसी कुठलीही असो, फेरी सुरू होताना दोन मिनिटं घालवायची सवय लावा. माल भरताना खोका ओला, चेपलेला, टेप सुटलेली दिसली तर बिल्टीच्या तुमच्या प्रतीवर तसा शेरा लिहा आणि गोडाऊनवाल्याची सही घ्या. सही देत नसेल तर त्याच्यासमोर फोनवर फोटो काढा. उतरवताना ते "माल खराब मिळाला" असं लिहून तुमची सही मागतात. सही करायला हरकत नाही, पण "माझ्या समोर खोका उघडला" किंवा "खोका न उघडता" असं आधी स्वतःच्या अक्षरात लिहून मग करा. कोऱ्या कागदावर कधीच नाही. अपघात झाला तर गाडी हलवण्याआधी फोटो, पोलिसांना आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवणं, आणि सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती सुरू न करणं. विमा कंपनीने क्लेम अडवला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही.

आता कापलेल्या पैशांचं. ते परत मिळतीलच असं मी म्हणत नाही, कारण करारात काय लिहिलंय ते मी बघितलेलं नाही. पण पूर्ण रक्कम कापली असेल तर ती बरोबर असण्याची शक्यता कमी आहे. ठेकेदाराकडे लेखी चार गोष्टी मागा. त्या फेरीच्या बिल्टीची डिलिव्हरीच्या शेऱ्यासह प्रत. मशीनचं कंपनीचं बिल, म्हणजे तुमच्याकडून दुकानातली किंमत धरली की कंपनीची ते कळेल. पार्टीने ठेकेदाराला दिलेली डेबिट नोट, म्हणजे त्याच्या खिशातून खरंच किती गेले ते कळेल. आणि मशीनचं पुढे काय झालं त्याचा कागद. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. भिजलेली मशीन शून्य किमतीची होत नाही. खोका भिजला आणि मशीन चालू असेल तर नुकसान खोक्याचं आणि फार तर सवलतीत विकावी लागली त्या फरकाचं. मोटर गेली असेल तरी भंगाराची किंमत येते. मी सर्व्हे करतो तेव्हा ही सॅल्व्हेजची रक्कम वजा केल्याशिवाय आकडा पुढे जात नाही. तुमच्याकडून पूर्ण किंमत घेऊन मशीनही त्यांनीच ठेवून विकली असतील तर एकाच नुकसानीचे दोनदा पैसे घेतले गेलेत.

पत्र साधं, तारीख घालून द्या, व्हॉट्सॲपवरही पाठवा. कागद हातात आले की आकडे इथेच लिहा, त्यातलं किती कापणं रास्त होतं ते मी मांडून देतो.